मास्तर स्वतःला ‘तू’ म्हणाले

मास्तरांच्या पायात सुई शिरली मंगळवारी, आणि कळली शुक्रवारी.

मशीनची मोडकी सुई होती, अर्ध्या पेराएवढी. जाड घडीवर आपटून तुटली, टोक उडालं. मास्तरांनी नवी सुई लावली आणि पुढचा टाका घातला. उडालेलं टोक शोधायचं राहून गेलं. ते फरशीवर पडलं होतं आणि मास्तर अनवाणी होते. पुढचे तीन दिवस ते त्याच्यावर उभे राहिले, चालले, बसून पायडल मारत राहिले. शुक्रवारी त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या वहिनी, फरशी पुसायला बसल्या तेव्हा त्यांना दिसलं, की दारापासून मशीनपर्यंत एक पाऊल सोडून एक तांबडा ठिपका आहे. फडकं हातात घेऊन त्या ठिपक्यांमागून गेल्या. ठिपके मास्तरांच्या उजव्या पायापाशी जाऊन संपले. मास्तर कॉलर जोडत होते आणि गुणगुणत होते.

दुखत नाही का, असं वहिनींनी विचारलं. मास्तरांनी मान वर न करता विचारलं, काय?

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेत ते फार गेले नाहीत, पण गल्लीत मास्तर म्हटलं की तेच. दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. पुढे कापायचं लांब टेबल, डाव्या भिंतीला इस्त्रीचा कट्टा, उजव्या भिंतीला आरसा, आणि खिडकीशी, सकाळचा उजेड डाव्या खांद्यावरून पडेल अशा बेतानं मांडलेलं काळं मशीन. त्याच्यावरची सोनेरी वेलबुट्टी हात लागून लागून पुसत आली होती. मागच्या खोलीत संसार. मधे एक पडदा. वहिनी पडद्याच्या आत बसून काजं आणि बटणं करायच्या, आणि बाहेर काय चाललंय ते सगळं ऐकायच्या.

मास्तरांच्या गळ्यात टेप असे. सकाळी अंघोळ झाली की सदरा आणि सदऱ्यावर टेप. तो रात्री झोपतानाच उतरायचा. त्यांच्या उस्तादांनी त्यांना शिकवलं होतं, की टेप गळ्यात असताना कोणाला ‘तू’ म्हणायचं नाही. समोरचा लहान असो, गरीब असो, उधारीचा असो, माप घेताना माणूस हात वर करून आपल्यापुढे उघडा उभा राहतो, तेव्हा त्याला अरे-तुरे करू नये. मास्तरांनी ते इतकं मनावर घेतलं की शाळेच्या गणवेशाला आलेल्या सहा वर्षांच्या पोरालाही ते ‘जरा सरळ उभे राहता का’ म्हणत. बायकोलाही अहो. त्या घरातून ‘अहो’ अशी हाक आली की कोण कोणाला बोलावतंय, ते फक्त आवाजावरून ओळखायचं.

आणि अनवाणी पाय हा त्यांचा मोठा तोरा. मशीनवर बसताना त्यांनी कधी चप्पल घातली नाही. गिऱ्हाइकांना ते सांगत, की मशीन हातानं चालतं असं तुम्हाला वाटतं, पण ते चालतं तळव्यानं. धागा कुठे ताणला, दाब कुठे सुटला, हे पायडलमधून तळव्याला आधी कळतं, मग डोळ्यांना. हे सांगताना ते उजवा पाय किंचित पुढे करायचे, एखाद्यानं हुशार मुलाला पुढे करावं तसा.

तोच पाय घेऊन ते शुक्रवारी दुपारी डॉक्टरांकडे गेले.

पायांचे डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर बसत. साखरेची माणसं, म्हणजे ज्यांच्या रक्तात साखर वाढते ती, त्यांच्याकडे पाय दाखवायला येत, आणि मास्तर त्यांतलेच. जिना चढून आलेल्या माणसाचा पाय आधी जमिनीवर पडतो कसा ते ऐकायचं आणि मग माणसाकडे बघायचं, अशी डॉक्टरांची सवय. त्यांनी सुईचं टोक चिमट्यानं काढलं, पांढऱ्या वाटीत टाकलं, ते टिंग वाजलं. मग एक कापसाची वात घेऊन त्यांनी मास्तरांना डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, मी कुठे लावतोय सांगा. मास्तर वाट बघत बसले. बराच वेळ गेल्यावर म्हणाले, लावा ना. डॉक्टरांचं सात ठिकाणी लावून झालं होतं.

अंगठ्याखालच्या चवड्यावर जखम होती, सदऱ्याच्या बटणाएवढी. डॉक्टरांनी नियम सांगितले. जाड तळाचा बूट दिला, तो घरात, दुकानात, मशीनवर, सगळीकडे घालायचा. उजव्या पायानं पायडल मारायचं नाही, डाव्यानं मारा. रोज सकाळी हातातला छोटा आरसा खाली धरून दोन्ही तळवे बघायचे आणि पट्टी बदलायची. मास्तरांनी प्रत्येक नियमाला हो म्हटलं. इतकं गोड हो म्हटलं, की डॉक्टर पेन खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले.

ते म्हणाले, की गेली वीस वर्षं मी हे रोज सांगतो. सगळे हो म्हणतात. जिना उतरतात आणि विसरतात. माझं कोणी ऐकत नाही, म्हणून आता आम्ही नवीन काढलंय. माणूस स्वतःचं तरी ऐकतो का, ते बघतोय.

शेजारच्या खोलीत एक तरुण बाई होत्या. त्यांनी मास्तरांना फिरत्या स्टुलावर बसवलं आणि चारी बाजूंनी फोटो घेतले, खांदे मोजले, मान मोजली, चालायला लावून चाल टिपली. मास्तर खूश झाले. आयुष्यभर लोकांची मापं घेतली, आपलं माप असं कोणी घेतलंच नव्हतं. त्या बाईंचं खरं काम काय ते त्यांना कधी नीट सांगता आलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं, मापवाली.

मापवालीनं पुढच्या आठवड्यात फोनच्या पडद्यावर दुसरे मास्तर उभे केले. तेच पांढरे कल्ले, तोच डावा खांदा थोडा खाली, गळ्यात तसाच टेप. ते चालून दाखवत, बसत, बूट काढून तळवा बघत, आणि मास्तरांना म्हणत, आता तुम्ही बघा. बघून झालं की फोनवर ‘झालं’ असं बटण दाबायचं. बटण दाबलं नाही तर दुसऱ्या दिवशी पडद्यातले मास्तर लंगडत येणार. आपल्यासारखाच माणूस लंगडताना दिसला की माणूस सुधारतो, असा त्यामागचा विचार.

मास्तरांनी स्वतःला पडद्यावर बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाले, बगलेत चुणी पडलीय.

सदरा कॉम्प्युटरचा तयार होता, मापवालीला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. पण असला सदरा घालणाऱ्या माणसाचं आपण ऐकणार नाही, असं मास्तरांनी स्वच्छ सांगितलं. शेवटी त्यांनी गळ्यातला टेप काढून तिला आपली मापं काढून दिली आणि तिनं तासभर बसून पडद्यातल्या मास्तरांची बाही पुन्हा बसवली. मगच ते त्या माणसाला ‘बरा आहे’ म्हणाले.

आवाज मास्तरांचाच हवा होता. मापवालीनं कागद दिला, त्यावर वाक्यं लिहिली होती. पाय बघितलास का? बूट घाल. अनवाणी फिरू नकोस. मास्तरांनी कागद परत केला. असं आपण कोणाशी बोलत नाही, म्हणाले. स्वतःशीसुद्धा? स्वतःशीसुद्धा नाही. मग त्यांनीच वाक्यं बदलली आणि आपल्या खास आवाजात म्हटली. मास्तर, पाय बघून घ्या हं. बूट घालताय ना? छान, छान, अगदी नक्की हं.

वहिनी तिथेच बाकावर बसल्या होत्या. त्यांनी आवाज ऐकला आणि कपाळाला हात लावला. पण चारचौघांत त्या नवऱ्याला काही बोलत नसत.

घरी फोन मशीनशेजारी आरशाला टेकवून ठेवला गेला. रोज सकाळी पडदा उजळायचा, दुसरे मास्तर सदरा सारखा करत यायचे आणि लाघवी बोलायचे. पहिले मास्तर हो हो म्हणायचे. पहिले चार दिवस त्यांनी खरंच तळवा पाहिला. पाचव्या दिवशी एका लग्नघरचे नऊ सदरे द्यायचे होते. त्यांनी नुसतं बटण दाबलं. दुसरे मास्तर हसून म्हणाले, शाब्बास, पाय अगदी छान आहे तुमचा. मास्तरांना ते ऐकून बरं वाटलं. सहाव्या दिवशीही बटण. सातव्या दिवशी बूट काढून त्यांनी मशीनखाली सारला, कारण बुटातून मशीन कळत नाही. आणि उजवा पाय आपल्या जुन्या जागी जाऊन पायडलवर बसला.

वहिनी आत काजं करत असत. त्यांना टाक्यांची लय ऐकू यायची, आणि दोन पायांची लय वेगळी असते हे त्यांना ठाऊक होतं. त्या पडद्याआडून विचारायच्या, अहो, बूट? मास्तर म्हणायचे, आहे आहे. बूट होताच, मशीनखाली. पट्टी बदलायला त्या यायच्या तर मास्तर पाय ओढून घ्यायचे. आपल्या पायाला बायकोनं हात लावावा हे त्यांना आवडत नसे. पट्टी ते स्वतःच बदलत, म्हणजे वरून नवी गुंडाळत. वहिनी शेजारणीला म्हणाल्या, की घरात आता दोन दोन झालेत. एक ऐकत नाहीत आणि दुसरे गोड बोलतात.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलावलं. आधी त्यांनी मास्तरांचा फोन बघितला. पडद्यातले मास्तर खोलीभर ताठ चालत होते, एकवीसच्या एकवीस दिवस ‘झालं’ दाबलेलं होतं. डॉक्टरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी पट्टी सोडली. एक थर, दुसरा थर, तिसरा. खोलीत वास आला. जखम वाढली होती, आणि तिची कड काळी पडली होती.

डॉक्टरांनी पट्टी बाजूला ठेवली. त्यांनी फोन उचलून मास्तरांच्या पायाशेजारी धरला.

“ह्यांचा पाय उत्तम आहे,” ते म्हणाले. “ह्यांचा कापावा लागणार नाही. तुमचा लागेल.”

त्यांनी जखम मोजली, ती सहा सूत, म्हणजे पाऊण इंच भरली, आणि काळं झालेलं त्याच दिवशी खरवडून काढलं. मास्तरांना काही कळलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. डॉक्टरांनी अजून तीन आठवडे दिले. तेवढ्यात जखम भरायला लागली तर ठीक. नाही लागली, तर अंगठा आणि त्याखालचा चवडा काढायचा. पावलाचा पुढचा भाग गेला की पायडल तर सोडाच, तोल सावरून उभं राहून कापड कापणंही अवघड. वहिनींनी हे सगळं दोनदा विचारून घेतलं. जिना त्या पुढे होऊन उतरल्या. मास्तर ‘अहो’ म्हणाले, तरी थांबल्या नाहीत.

मापवालीला रात्रभर चैन पडलं नाही, असं तिनंच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात आली. मास्तर मशीनवर होते. बूट पायात होता, डाव्या पायानं पायडल मारणं चाललं होतं आणि ते जमत नव्हतं. चाक मधेच उलटं फिरे, धागा तुटे. ते दाराकडे पाठ करून बसले होते, कोणी आलंय हे त्यांना कळलं नाही. मापवाली उंबऱ्यातच थांबली, कारण मास्तर कोणाला तरी रागावत होते.

“काय गं, काय झालंय तुला? सकाळपासून चौथ्यांदा तोडलास धागा. तेल घातलं, रुसू नकोस म्हटलं, तरी तुझं आपलं तेच. पाय बदललाय, मला माहितीय. मलाही आवडलेला नाही. पण आता नाटकं करू नकोस, चल. चल म्हणतो ना.”

मशीनशी बोलत होते. मशीनला तू. मापवालीनं असा आवाज त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यात गोडवा नव्हता, कामाची घाई होती, आणि माया अशी होती की लपत नव्हती.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. मास्तर वळले आणि आवाजही वळला. या या, बसा ना. तुमचा सदरा ना? उद्या संध्याकाळी, अगदी नक्की हं. गिऱ्हाईक समाधानानं गेलं. मापवालीनं विचारलं, उद्या होईल? मास्तरांनी टेबलाखालच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. ते कापड अजून पाण्यातून काढायचं होतं.

तिनं मग फोनवरचे मास्तर चालू केले. मास्तर, पाय बघून घ्या हं. छान, छान, अगदी नक्की हं.

 मग पडद्याआडून वहिनींचा आवाज आला.

“मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. हा गिऱ्हाइकाचा आवाज आहे. ह्या आवाजात ‘नक्की’ म्हटलं, की ते काम होत नसतं. आमच्या गल्लीत शेंबड्या पोराला माहितीय, ह्यांनाच तेवढं माहीत नव्हतं.”

मास्तर चिडतील असं मापवालीला वाटलं. ते चिडले नाहीत. पडद्यातल्या आपल्याकडे बघत हसले, आणि मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं. खरंच होतं ते. रोज सकाळी एक शिंपी त्यांना नक्की म्हणत होता आणि ते शिंप्याला नक्की म्हणत होते. दोघंही धंद्यात मुरलेले. कोण कोणावर विश्वास ठेवणार.

मापवाली म्हणाली, मशीनशी बोलता तसं पायाशी बोला, मी तेच भरून घेते. मास्तरांनी नाही म्हटलं. ती हट्टाला पेटली. तुम्हाला ‘तू’ कोण म्हणतं, असं तिनं विचारलं. मास्तरांनी विचार केला. आई म्हणायची. उस्ताद म्हणायचे. थोरला भाऊ होता. ते एकेक नाव घेत होते आणि बोट मिटत होते, आणि तिसऱ्या बोटावर थांबले. आता कोणी नाही, ते म्हणाले. मला तू म्हणणारं कोणी उरलं नाही.

वहिनी पडद्याच्या बाहेर आल्या. त्यांच्या हातात सुई-दोरा तसाच होता. त्या मास्तरांच्या समोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या गळ्यातला टेप त्यांनी दोन्ही हातांनी उचलून काढला. गुंडाळला आणि टेबलावर ठेवला.

“आता म्हणा,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी रिकाम्या गळ्यावरून हात फिरवला. भर सकाळी, दुकान उघडं असताना, तो गळा असा मोकळा कधी नव्हता. त्यांनी उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला, बूट काढला, आणि पट्टीत गुंडाळलेल्या पायाकडे बघत राहिले. 

“काय रे. किती दिवस झाले, तुला काही कळत नाही? दोन वर्षं? जास्तच. तू मला सांगितलं नाहीस, आणि मीही विचारलं नाही. मशीन मी कानानंच चालवत होतो. नाव मात्र तुझं सांगत होतो सगळ्यांना. आता ऐक. तुला दुखत नाही, म्हणून तुझ्यासाठी मी बघणार. रोज. खोटं बोलायचं नाही. बूट काढलास तर बघ. चल, दाखव इकडे. दाखव म्हणतो ना.”

मापवालीनं भरून घेतलं. वहिनी आत निघून गेल्या. आत भांड्यांचा उगाच आवाज झाला.

जाताना मापवालीनं ते ‘झालं’चं बटण काढून टाकलं. आता बटण नाही. तळवा फोनसमोर धरायचा, फोटो निघणार, तो डॉक्टरांकडे जाणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडदा उजळला. तोच माणूस, बाही नीट बसलेला तोच सदरा, फक्त गळ्यात टेप नव्हता. मापवालीनं आठवणीनं काढला होता. तो जवळ आला, मास्तरांकडे सरळ बघून म्हणाला, “काय रे. चल, दाखव इकडे.”

मास्तर खुर्चीवरून उठून उभे राहिले. का उठलो ते त्यांना सांगता आलं नसतं. उस्ताद दुकानात शिरले की ते असेच उठत. मग खाली बसले, बूट काढला, पट्टी सोडली आणि तळवा फोनसमोर धरला. पाय सांभाळून छोटा आरसाही धरणं जमेना. वहिनी मधल्या खोलीच्या पडद्याशी उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, पण पाय मागे ओढला नाही. वहिनींनी येऊन आरसा धरला. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचा तळवा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. बारका आहे तुमचा पाय, त्या म्हणाल्या, मला मोठा वाटायचा.

त्या तीन आठवड्यांत गल्लीला मास्तरांच्या दुकानातून भांडण ऐकू यायला लागलं. पडद्यातला म्हणे, बूट घाल. मास्तर म्हणत, घातलाय, दिसत नाही का तुला. हो, तुला. ते त्याला उलट तू म्हणायला लागले होते. तो म्हणे, खोटं बोलायचं नाही. मास्तर म्हणत, तू कुठला रे मोठा आलास खरं बोलणारा, मागच्या महिन्यात तूच शाब्बास म्हणत होतास. आणि पुटपुटत बुटाची पट्टी आवळत. कधी बूट काढावासा वाटला, तर ते आधी आरशाशी टेकवलेला फोन पालथा घालत, आणि मग लाजून पुन्हा सुलटा करत, बूट तसाच ठेवून. वहिनी शेजारणीला म्हणाल्या, की भांडतात, म्हणजे ऐकतात. माझ्याशी इतकी वर्षं कधी भांडले नाहीत, नुसतं हो म्हणाले.

डावा पाय मात्र हळूहळू शिकला. आधी सरळ शिलाई, मग बाही, आणि सतराव्या दिवशी कॉलर. कॉलर झाली तेव्हा मास्तर मशीनला काहीतरी म्हणाले, पण हळू, ते कोणाला ऐकू आलं नाही. गिऱ्हाइकांना ते अजून ‘उद्या नक्की’ म्हणत होते. त्यात काही फरक पडला नव्हता, आणि गिऱ्हाइकांनाही पडायला नको होता.

फोटो रोज डॉक्टरांकडे जात होते, पण डॉक्टरांनी एकदाही काही कळवलं नाही. फोटोवरून मी बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे एकविसाव्या दिवशी नवरा-बायको तो जिना चढले तेव्हा दोघांनाही काही माहीत नव्हतं. वहिनींना आरशात जखम लहान झाल्यासारखी वाटत होती. पण आपण बघतोय म्हणून तशी दिसतेय का, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. त्यांनी पिशवीत दोन दिवसांचे कपडे भरून आणले होते. लागलेच राहायला तर असावेत. मास्तरांना पिशवी दिसली होती. 

डॉक्टर त्यांचं पाऊल ऐकत होते. मग टेबलाजवळ घेतलं. एक थर सुटला, दुसरा, तिसरा. वास आला नाही. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला, भिंग लावलं, कडेकडेनं बोट दाबत गेले. खिडकीबाहेर कोणीतरी गाडीचा कर्णा दोनदा वाजवला. डॉक्टरांनी कागदाची छोटी मोजपट्टी काढून जखमेशेजारी धरली.

मास्तरांनी आकडा उलटा असतानाच वाचला. ती विद्या त्यांची होती.

“दोन सूत,” ते म्हणाले. “मागच्या वेळी सहा होती.”

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा लावून बघितली. दोन सूतच होतं. जखमेचा तळ गुलाबी होता, कडेनं नवं कातडं आत सरकत होतं, अगदी बारीक, अस्तराची कड दुमडावी तसं. डॉक्टरांनी बोटानं अंगठ्याखालचा चवडा हलकेच दाबला आणि म्हणाले, हा राहील. अंगठाही राहील. बूट सोडायचा नाही, बघणं सोडायचं नाही, पुढच्या महिन्यात या.

मास्तरांनी मान हलवली. या वेळी ते गोड हो म्हणाले नाहीत. वहिनींनी डॉक्टरांना पुन्हा एकदा विचारलं, राहील म्हणजे, कापायचा नाही ना? नाही, डॉक्टर म्हणाले. नक्की ना? नक्की. वहिनींनी मास्तरांकडे बघितलं, हा ‘नक्की’ कुठला ते विचारल्यासारखं. मास्तर म्हणाले, हा खरा आहे.

शेजारच्या खोलीतून मापवाली डोकावली. तिला हाक मारायचं कोणाला सुचलं नाही, पण दोघांचे चेहरे बघून ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि नाक पुसू लागली. मास्तर तिला म्हणाले, ताई, माप बरोबर बसलं तुमचं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी वहिनींच्या मांडीवर होती, तीत दोन दिवसांचे न लागलेले कपडे. दुपारची वेळ, बस निम्मी रिकामी, खिडकीतून ऊन येऊन पुढच्या बाकावर हलत होतं. पहिल्या थांब्यापर्यंत वहिनी ताठ बसल्या होत्या. दुसऱ्या थांब्याला त्यांनी एक मोठा श्वास सोडला. तिसऱ्या थांब्याच्या आधी त्यांचं डोकं मास्तरांच्या खांद्यावर आलं. तीन आठवड्यांत त्या धड झोपल्या नव्हत्या, हे मास्तरांना त्या डोक्याच्या वजनावरून कळलं.

आपला थांबा आला. मास्तर हलले नाहीत. दार उघडलं, माणसं उतरली, त्यांची गल्ली खिडकीतून मागे गेली. वाहकानं ओळखीनं विचारलं, मास्तर, उतरायचं नव्हतं का? मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि बायकोकडे खूण केली.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे चालक चहाला उतरला, वाहक उतरला, इंजिन बंद झालं. रिकाम्या बसमध्ये दोघंच राहिली. मास्तरांचा उजवा पाय जाड बुटात, समोर सरळ, जमिनीला टेकलेला होता. खांदा अवघडला होता, पण ते तसेच बसले. दुकानावर गिऱ्हाइकं आली असतील, येऊन गेली असतील. पाऊण तासानं बस परत फिरेल आणि आपला थांबा पुन्हा येईल, तेव्हा उठवू, असं त्यांनी ठरवलं.

“झोप,” ते म्हणाले, अगदी हळू. “झोप तू.”